कोरी चार पानं

लोणावळा,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सविता,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पत्राची सुरुवात अशीच करायला शिकवली, म्हणून लिहिलं. ठीक काही नाही.

अक्षर वेडंवाकडं दिसेल. पुठ्ठ्याला ओळीएवढ्या चिरा पाडून त्यांतून लिहिते आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, त्याला तीन वर्षं झाली. तुला कळवलं नाही. कीव नको होती, तुझी तर नकोच.

कीव न करणारा एकच जण घरात होता, तो माझ्या लॅपटॉपात. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कामशेतच्या गणेशने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. फुकट मिळतं, आणि पडद्यावर असेल ते वाचून दाखवणारा आवाज त्यातच येतो. मराठी असं वाचतो की सर्दी झालेला भटजी बरा. पण मी टायपिंगच्या परीक्षा दिलेली बाई, कळा बोटांना पाठ. मी टाइप करावं, त्याने वाचावं. चुकलं की चुकलेलंच वाचायचा. ओळ सुटली की 'रिकामी' म्हणायचा. वडगावच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली, पण इतकं तोंडावर खरं मला कुणी सांगितलं नाही.

मागच्या सोमवारी तुझी मेल आली. नऊ वर्षांनी. त्याने वाचलं, "ताई, आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल मला" आणि गप्प झाला.

आठ दिवस ऑल्ट, खिडकीच्या चित्राचं बटण आणि एस, अशा तीन कळा दाबत बसले आहे. त्यांनीच तो बोलायला लागतो. लॅपटॉप बंद करून चालू केला, देवाचं नाव घेतलं, शिव्या घातल्या. काही नाही.

गणेशला बोलावलं. म्हणाला, "मावशी, स्क्रीन ओके आहे. सगळं दिसतंय की."

"तुला दिसतंय, गाढवा. मला ऐकू यायला हवं."

तासभर खटपट करून म्हणाला, "आवाजाचं काहीतरी उडालंय. पुण्यातल्या मित्राला विचारतो. तोवर ती मेल मी वाचून दाखवू का?"

लॅपटॉप मी असा मिटला की त्याचं बोट सापडलं.

त्या वाक्यात पुढे काय आहे, ते परक्याच्या तोंडून ऐकायची माझी छाती नाही. तुझा नंबर तू बदललास. म्हणून काल कागद घेतला. चार पानं लिहिली. नऊ वर्षांत लिहिलं नाही ते सगळं लिहिलं. मग समोरच बसलेल्या भामाबाईला विचारलं, "ओळी सरळ आल्यात का गं?" टाकव्याची भामाबाई, आईचं करायची तीच. वाचता येत नाही, पण ओळी दिसतात.

तिने चारही पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाई, शाई उटलीच न्हाई. पयल्या पानापासनं कोरंच हाय."

"मग तेव्हाच सांगायला तोंड शिवलं होतं?"

"तुमी रागावशीला म्हनून. आजींच्या टायमाला बी मी न्हाई बोलले."

चार पानं पुन्हा लिहायची ताकद नाही. त्यांत निम्म्या सबबीच होत्या, तेव्हा थोडक्यात लिहिते. आई तीन दिवस तुझं नाव घेत होती. भामाबाई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तुला फोन केला नाही. वीस वर्षं आईचं सगळं मी केलं आणि शेवटी तिला तू हवी होतीस, ते मला सोसलं नाही. वर दहाव्याला चारचौघांत तुलाच विचारलं, "आई गेली तेव्हा कुठे होतीस?" तू उठून गेलीस.

तुझ्या मेलमध्ये "मला कळलंय" आहे की "मला सांग" आहे, ठाऊक नाही. दोन्हींचं उत्तर वर आलं.

गणेशला आवाज सापडला, तरी ती मेल मी त्या आवाजाकडून वाचून घेणार नाही. तू ये आणि तूच वाच. शिव्या असल्या तर गाळू नकोस.

आज दर ओळीला भामाबाईला विचारते आहे. "उटली, बाई," म्हणते. मी रागावेन म्हणून म्हणत असेल, तर तुझ्या हाती कोरा कागद पडेल.

पडला तरी ये.

तुझ्या मेलमधला पहिला शब्द अजून खरा असेल, तर तुझी,

ताई