पाचवं शील आणि तुमच्या गोळ्या

दादा, सगळं बदललं ते विहारातल्या त्या रविवारी, तुम्ही बाटलीबरोबर गोळ्याही सोडल्या तेव्हा. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली, तरी माझं डोकं अजून तापतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, पावसाचा पत्ता नाही, आणि तुम्ही कचेरीत टँकरच्या पाळ्या लावणारे कारकून. आठवडा आठवडा तुम्ही झोपत नाही. औशापासून निलंग्यापर्यंतचे कागद घरभर पसरून आईला म्हणता, "मी एकटा पाजतो बघ साऱ्या जिल्ह्याला पाणी." मग महिनाभर भिंतीकडं तोंड. अंघोळ नाही, बोलणं नाही. अंथरुणातून उठता यावं म्हणून एक घोट, मग दिवसभर तेच. लोकांनी तेवढंच पाहिलं. तुझा बाप दारुडा हाय म्हणाले, संपलं. नांदेडच्या डॉक्टरांनी मात्र माझ्यादेखत सांगितलं होतं, "मनाचा आजार आधीचा, दारू नंतरची. दारू सोडा, पण गोळी एक दिवसही चुकवू नका."

विहारात तुम्ही पाचवं शील घेतलं, नशेचं काही घेणार नाही म्हणून. मागून कुणीतरी बोललं, "आन् त्या गुंगीच्या गोळ्या? ती नशा न्हाई का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही खिशातली गोळ्यांची डबी काढून खाली ठेवलीत. दोन महिन्यांनी जीव दिलात, तोवर एक थेंब घेतला नव्हतात. तरी मयतीला एकजण म्हणालाच, "पिऊनच गेला." त्याच्या मी कानाखाली वाजवली.

आता माझं ऐका. कॉलेजातली ती लग्न होऊन मुखेडला गेली, मी कॉलेज सोडलं आणि पितो. दोस्त म्हणतात, प्रेमभंग हाय, चालायचंच. कसलं चालायचंच? तिची ओळखही नव्हती तेव्हापासून मी असाच भिंतीकडं तोंड करून पडतो. आज आईनं पिशवी भरून ठेवली. म्हणाली, "पोरी लई भेटतील रे, तो डॉक्टर एकच हाय. ऊठ."

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. त्या दिवशी मागून बोललेला मीच होतो, दादा. वय सतरा. शीलं तोंडपाठ होती आणि तुमची लाज वाटायची.

नांदेडच्या गाडीला थोडा वेळ आहे. आता हा कागद उशीखाली सारतो, पायात चपला घालतो, बाहेर जाऊन दार ओढून घेतो.