चौथ्या प्रकरणातली सही

४ जून
कंपनीचं पत्र आलं. इतिहास लिहायचा आहे, पत्र्याच्या शेडपासून आजपर्यंतचा. ट्रक, डिझेल इंजिनं, सगळं. इंग्रजीत, जाड कागदावर, फोटोंसकट. आणि तो मी लिहायचा.
दुपारी फोन. कार्तिक म्हणून कोणी नवा जनसंपर्कवाला. "मॅडम, तीस वर्षं तुम्ही आपलं मासिक काढलंत. तुमच्याशिवाय कोण?"
तीस वर्षं मी वाढदिवस, निरोपसमारंभ आणि क्रीडादिनाचे निकाल छापले. नाव शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर. आता मुखपृष्ठावर येणार. दोन दिवस विचार करते असं म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. हो म्हटलं.
फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "तुमचे बंधू तिरुवैयारुला असतात ना? पहिल्या इंजिनाच्या वेळची त्यांची एखादी वही वगैरे असेल तर..."
म्हणजे मलाच का निवडलं, ते कळलं. तरी हो ते हो.

७ जून
तिरुवैयारु. सकाळची बस, उभ्यानं.
अण्णा एकोणऐंशीचे झाले. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. अक्षर वाचता येत नाही. माणूस आला की मान वाकडी करून बघतात. तरी गावातले लोक अजून पाण्याचे पंप घेऊन येतात. अण्णा नुसतं ऐकतात आणि सांगतात, नॉझल बदल. मालिनी, त्यांची मुलगी, कॉलेजातून येऊन त्यांचं सगळं करते.
इतिहास लिहितेय म्हटल्यावर खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाले, "माझ्या इंजिनाचं लिहिणार?"
"लिहावंच लागेल. कंपनीनं स्वतः काढलेलं पहिलं इंजिन."
"मग दोन ओळी माझ्या सांगण्यावरून घाल. स्तुती नको."
आत जाऊन वही आणली. टेस्टिंगची कार्बनवाली. वरचं पान ऑफिसात जायचं, खालचं वहीत राहायचं. मालिनीनं पानं उलटून दाखवली.
पहिलं: ओतीव क्रँकशाफ्टला टेस्टवर तडा. गाडीत घालू नये. घडीव येईपर्यंत थांबावं.
तीन दिवसांनंतरचं: पाठवण्यास हरकत नाही. खाली अण्णांची सही.
"तीन दिवसांत काय झालं?"
"काही नाही. वरच्यांनी बोलावलं, बसवलं, कापी पाजली. उद्घाटनाची तारीख ठरलीय, मंत्री येणार म्हणाले. मारलं नाही, धमकावलं नाही. मी सही केली."

८ जून
काल पुरं लिहिलं नाही, ते आज.
सात महिन्यांनी घाट उतरताना एका ट्रकचा तो शाफ्ट तुटला. इंजिन बंद, ब्रेकची हवा गेली, वर भाताची पोती. ड्रायव्हर मुरुगय्यन, आपल्याच बाजूचा, कुंभकोणमकडचा. जागच्या जागी गेला. चौकशीत कं.च्या फाइलीत "घालू नये" चा कागद सापडला नाही. सही मात्र सापडली. अण्णांना काढलं.
मी विचारलं, "तेव्हा वही का नाही दाखवलीत?"
"दाखवून काय? सही माझीच होती ना?"
त्यांना हव्या असलेल्या दोन ओळी अशा: इंजिनियरनं नको म्हटलं होतं आणि मग सही केली. मुरुगय्यन नावाचा माणूस मेला.
एकदा त्याच्या घरी गेले होते म्हणे. बायकोनं ताक दिलं. हे कोण ते तिला माहीत नव्हतं. "प्यालो," म्हणाले. "तहान लागली होती."

१२ जून
तीन प्रकरणं झाली. हात चालतोय.
ही माझी रोजची वही टेबलावर उघडी टाकली तरी चालतं. मालिनी आली तर तिला देवनागरी वाचता येत नाही. तमिळ मुलखात मुरलेल्या आमच्या मराठी घरात बाबांनी मला ती मारून शिकवली, त्याचा एवढा उपयोग. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.
अण्णांना काढलं तेव्हा मी सव्वीसची, त्याच कं.त, त्यांच्याच चिठ्ठीवर लागलेली. त्यांना काढलं, मला ठेवलं. दीड वर्ष कँटीनमध्ये माझ्यासमोर कोणी बसलं नाही. कुंभकोणमचं स्थळ होतं. मुलाला मी आवडले होते, मलाही तो. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी त्याच्या आईनं निरोप धाडला: ज्याच्या इंजिनानं माणूस मारला, त्याची बहीण नको.
अण्णांना मी सांगितलं, मीच नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं केलंस, मुलगा बुटका होता.
अडतीस वर्षं झाली. बुटका नव्हता.

२० जून
अण्णांनी वही दिली. प्लास्टिकच्या पिशवीत, सुतळी बांधून. "परत आण हं, पद्मा." मी मान हलवली. मग त्यांना ते दिसलं नसणार म्हणून तोंडानं "हो" म्हटलं.

२१ जून
कार्तिक स्वतः मोटारीनं चेन्नईहून आला. पोरगेलासा, नम्र, वाकून नमस्कार करणारा. इडली खाल्ली, कापी दोनदा घेतली. वही उघडली ती थेट त्या पानांवर. वाचताना चेहरा अजिबात बदलला नाही.
"अमूल्य आहे मॅडम. स्कॅन करून आठवड्यात परत."
झेरॉक्सचं दुकान माझ्या घरापासून चौथं. तो येण्याआधी सबंध सकाळ माझ्या हातात होती. मी चटणी वाटत बसले.

३ जुलै
चौथं प्रकरण परत आलं. घाटाचा परिच्छेद सबंध लाल.
फोन केला. "निदान त्या ड्रायव्हरचं नाव?"
"मॅडम, त्यांच्या घरच्यांना जुनं दुःख कशाला?"
"आणि अण्णांनी नको म्हटलं होतं, ते?"
"त्याला आधार काय, मॅडम?"
"वही तुमच्याकडे आहे."
"हो, बघितली. बाइंडिंग फार जुनं होतं. काही पानं सुटलेली होती, काही आलीच नाहीत."
माझ्यासमोर त्यानं ते पान वाचलं होतं. ते त्यालाही माहीत, मलाही. मी म्हटलं, "असेल."
नंतर न्याहारी केली. भूक चांगली लागली होती, हेही लिहून ठेवते.

५ जुलै
कार्तिकनं वाक्य पाठवलं, ओबडधोबड. मीच नीट केलं. आता असं आहे: "पहिल्या इंजिनातली त्रुटी तत्कालीन डिझाइनप्रमुखांच्या घाईमुळे राहून गेली; कंपनीनं ती तत्परतेनं सुधारली आणि त्यातून गुणवत्तेची नवी शिस्त जन्माला आली."
"घाई" हा शब्द माझा. त्यानं "चूक" लिहिलं होतं. चूक कोणाचीही होते. घाई म्हटलं की माणूस दिसतो.

९ जुलै
सहीचं पान छापणार आहेत. अख्खं पान, वहीच्या पिवळ्या कागदासकट. फोटोखालच्या ओळी माझ्याकडे मागितल्या, जास्तीत जास्त वीस शब्द.
बरोबर वीस बसले. एक कमी नाही, एक जास्त नाही. दुपारभर खुशीत होते.

१८ जुलै
अण्णांचा फोन. "नाव नीट घातलंस ना? मुरुगेसन नव्हे. लोक हमखास चुकतात. मुरुगय्यन."
"हो अण्णा."
"आणि वही?"
"येतेय."
वही कं.च्या संग्रहात जमा झाली. परत देण्याची पद्धत नाही, असं पत्र कालच आलं.

२ ऑगस्ट
चेन्नई. सोहळा. अण्णांना यायचं होतं. मालिनी सांगत होती, शर्ट इस्त्रीला दिला होता, दाढी आदल्या दिवशीच केली होती. मी सांगितलं, फक्त नोकरीतल्यांना बोलावलंय. तसं काही नव्हतं. बाहेरची निम्मी माणसं होती.
मोठ्या साहेबांनी शाल घातली. फोटो. पडद्यावर पानं झरझर उलटत होती. सही आली तेव्हा मागच्या रांगेतला एक तरुण शेजाऱ्याला म्हणाला, "या माणसानं कंपनी बुडवली असती." दोघं हसले.
मुखपृष्ठावर माझं नाव सोनेरी आहे. बोट फिरवलं की हाताला लागतं.

८ ऑगस्ट
कं.नं अण्णांनाही एक प्रत धाडली. कुरियरनं, "सप्रेम" म्हणून. कार्तिकची कल्पना असणार. नम्र आहे ना.
मालिनीचा फोन तीन वेळा. उचलला नाही.

९ ऑगस्ट
मालिनी घरी आली. दारातच उभी. बसली नाही, पाणी घेतलं नाही.
"आत्या, मी वाचलं."
मी पदराला हात पुसले.
"वहीची कॉपी ठेवलीत?"
"नाही."
"फोनवर फोटो तरी?"
"नाही."
ती तमिळमध्ये काहीतरी म्हणणार होती, थांबली. मोडक्या मराठीत बोलली, ते कानात जसंच्या तसं आहे: "अप्पाला सांगिटलं नाही मी. पुस्तक छातीवर ठेवून झोपताट. रोज विचारताट, पद्मा कधी येणार. म्हणताट, तिनं लिहिलंय, तिच्याच तोंडून ऐकायचं."
"तू वाच ना."
"नाही. रविवारी तुम्ही या. तुम्ही वाचा. मी बाजूला बसेन, इंग्लिश मला येते."
गेली. फाटक लावलं नाही.

११ ऑगस्ट
काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करतेय.
एक: कं.नं कापलं, मला माहीत नव्हतं. मालिनी कार्तिकला फोन करील. तो फार नम्रपणे खरं सांगेल.
दोन: नाही ते वाचायचं. त्यांच्या दोन ओळी, इंग्रजीत, छापल्यासारख्या. आज आरशासमोर म्हणून पाहिल्या. छान येतात. छापल्या असत्या तर सगळ्या पुस्तकात त्याच बऱ्या ठरल्या असत्या. पण मालिनी बाजूला बसणार.
तीन: आहे ते वाचायचं.
चार: जायचंच नाही. ताप.

१३ ऑगस्ट
ताप आला नाही.
आज एकदम राग आला, अण्णांचाच. सही कोणी केली? मी? माझं लग्न मोडलं, ते कुठल्या पुस्तकात आहे? सबंध आयुष्यात त्यांनी एकदा तरी विचारलं का, पद्मा, तुझं काय झालं? कुंभकोणमच्या त्या ताक देणाऱ्या बाईचं त्यांना आठवतं. माझं नाही.
मग आठवलं की मी त्यांना खोटं सांगितलं होतं. विचारणार कसे?
तरी राग गेला नाही.

रविवार, तिरुवैयारु
पावणेदहा. ओट्यावर बसून लिहितेय. अण्णा आत आंघोळ करतायत, मोठ्यानं काहीतरी गुणगुणत. इतक्या वर्षांत त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.
मी आले तेव्हा मान वाकडी करून बघितलं आणि माझे दोन्ही हात धरले. "माझ्यामुळे तुला कं.त फार सोसावं लागलं असेल," म्हणाले. "कधी विचारलं नाही. धीर झाला नाही. तरी तू लिहिलंस."
मालिनी दारात होती. तिनं मान फिरवली नाही.
आता आत खोलीत येऊन बसलेय. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्यायत. तिची तिसरी, भिंतीशी. पुस्तक माझ्या मांडीवर आहे, चौथ्या प्रकरणात बोट घातलंय. अण्णा नवी वेष्टी नेसून बाहेर आले. खुर्चीचा हात चाचपत बसले.
"पद्मा, सावकाश वाच. घाई करू नको."
ही वही मिटते.