शीतलचं लग्न, आकाशातून

५ एप्रिल, रविवार

ड्रोन जोडून झाला. चार हात, चार मोटरी, मधे फ्लाइट कंट्रोलर नावाची काडेपेटीएवढी डबी, पुढे कॅमेरा. तीन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असावी.

मोठ्या दादाच्या शीतलचे लग्न २६ तारखेला, शाळेच्या मैदानावर. दादाने आदिलाबादच्या व्हिडिओवाल्याला सांगून ठेवले होते. मी आजच फोन करून त्याला नको म्हटले. घरात ड्रोन असताना बाहेरचा माणूस कशाला? दादा म्हणाला, "रवी, तुले जमन ना?" मी ड्रोनची बॅटरी चार्जिंगला लावली. काही प्रश्नांना उत्तर दिले की ते मोठे होतात.

मुख्य काम आईचे आहे. फेब्रुवारीत खुब्याचे हाड मोडल्यापासून ती पलंगावर आहे, मांडवात येऊ शकत नाही. शीतल तिची पहिली नात. मी तिच्या उशाशी बसून शब्द दिला की तुला सगळे लग्न आकाशातून दाखवतो. ती म्हणाली, "मले जमिनीवरून दिसलं तरी चालन." जुन्या पिढीच्या अपेक्षा लहान.

संकल्प: रोज ऑफिसातून आल्यावर एक तास ड्रोनला. मॅन्युअल वाचायचे नाही. दिवसभर जी.ओ., म्हणजे सरकारी आदेश, वाचून डोके आधीच नियमांनी भरलेले असते.

६ एप्रिल, संध्याकाळ

रिमोटचे कॅलिब्रेशन. दोन्ही दांड्या चारी कोपऱ्यांत फिरवायच्या, म्हणजे कंट्रोलरला कळते की आपला हात कुठून कुठपर्यंत जातो. लॅपटॉपवर हिरव्या पट्ट्या वर-खाली होतात. फार सुंदर दिसतात. बराच वेळ नुसता तेच करत बसलो.

एक गोष्ट आढळली. वर नेणारी दांडी वर केली की तिची पट्टी खाली जाते. शेजारीच 'रिव्हर्स' असा चौकोन आहे, त्यावर खूण केली की सरळ होते म्हणे. केली नाही. मशीनला पहिल्याच दिवशी माघार दाखवली तर ते डोक्यावर बसते. मीच उलटे शिकेन. खाली म्हणजे वर, वर म्हणजे खाली. यात अवघड काय आहे?

चंदाशी लग्न होऊन सोळा वर्षे झाली, पण तिला टेक्निकल विषयात रस नाही. म्हणाली, "पंख्याचं बटन बी तुमी असंच उलटं लावलं. पाव्हणे अजून अंधारात बटनं दाबून राह्यतेत." पंख्याचा विषय वेगळा आहे.

७ एप्रिल

उलट्या दांडीचा सराव व्हावा म्हणून दिवसभर मनात सगळे उलटे धरले. मोटरसायकलवर हे करू नये. गुडघ्याला आयोडेक्स.

८ एप्रिल

आज लेव्हल. ड्रोनला सपाट जागी ठेवून सांगायचे, बाबा रे, याला सपाट म्हणतात. मग डावी कूस, उजवी कूस, नाक खाली, नाक वर, शेवटी पाठीवर. घरातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे अंगण. गेल्या वर्षीच फरशी बसवली, मी स्वतः उभा राहून. वास्तूप्रमाणे पाण्याचा ओघ ईशान्येला हवा, तसा तो गवंड्याकडून काढून घेतला. बादली कुठेही सांडा, पाणी आपोआप ईशान्येच्या मोरीत. आमच्या बेला गावात असे अंगण दुसरे नाही.

तिथेच ड्रोन ठेवला, नाक ईशान्येला. चंदा म्हणाली, "अवो, अंगन तं उताराचं हाये. पोळपाटावर ठेवा त्याले." मी समजावले की उतार पाण्यासाठी आहे, ड्रोनसाठी नाही. ती म्हणाली, "पान्याले कळते ते तुमाले कळत नाही का?" लेव्हल काय हे पाण्यालाच विचारायचे होते तर कंट्रोलर कशाला घेतला असता?

सहाही कुशी पहिल्याच प्रयत्नात पास. लॅपटॉप 'सक्सेसफुल' म्हणाला. चंदाला स्क्रीन दाखवली. ती कणीक मळत होती.

११ एप्रिल, सकाळी

कंपासचे कॅलिब्रेशन. यात ड्रोन दोन्ही हातांत धरून सर्व बाजूंनी गोल फिरवायचा. आधी आडवा, मग उभा, मग उलटा. जमले तर तो चढत्या सुरात 'टिरिंग' करतो, नाही जमले तर उतरत्या सुरात रडतो.

अंगणात फिरवत होतो. समोरच्या जयवंताबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. "रवीभाऊ, हे काय ओवाळून राह्यले?" मी म्हणालो, दिशा देतोय. त्या घरात गेल्या आणि रडका नातू घेऊन आल्या. "काल बारशाले नेलतं, तवापासून किरकिर. याच्यावरून बी फिरवा." मी शास्त्रीय खुलासा करत होतो, पण कॅलिब्रेशन अर्ध्यात थांबवता येत नाही आणि पोरगं नेमके माझ्यापुढे धरलेले. फिरवत राहिलो. 'टिरिंग' वाजले. पोरगं गप्प झाले.

त्याने पहिल्यांदाच ड्रोन पाहिला म्हणून गप्प झाले, हे मी जयवंताबाईंना स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "होय, होय," आणि ड्रोनला कुंकू लावून गेल्या.

कंपास मात्र पास झाला. ते महत्त्वाचे.

१३ एप्रिल

सकाळी अंगणात चार बायका, तीन पोरं, एक वासरू. मी कडक शब्दांत सांगितले की हे उपकरण आहे. एकीने विचारले, "मिठमिरच्या आमी आनायच्या का तुमच्याकडं हायेत?"

नाइलाजाने फिरवला. हरकत नाही, तेवढाच सराव. वासराच्या वेळी ड्रोन रडला, कारण वासराच्या गळ्यात लोखंडी साखळी होती आणि कंपासला लोखंड चालत नाही. पण बायकांनी एकमेकींकडे पाहिले. "जब्बर नजर लागली हाये याले." वासराला उद्या पुन्हा आणणार.

१५ एप्रिल

रजेसाठी ऑफिसात सुपरिंटेंडंट सारकडे गेलो. ते तेलुगूत म्हणाले, "चूद्दाम." म्हणजे पाहू. होकारच समजायचा.

१७ एप्रिल, संध्याकाळी

ड्रोन उडाला!

दांडी खाली केली आणि तो वर गेला. गुडघ्याएवढा. मग नाकासमोर सरळ ईशान्येला जाऊन कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरला. काढला, पुसला, पुन्हा उडवला. पुन्हा ईशान्य, पुन्हा पऱ्हाट्या. तिसऱ्यांदाही तेच. वारा अजिबात नव्हता. दिशेचा इतका पक्का ड्रोन मी ऐकला नाही.

चंदा ओट्यावरून म्हणाली, "पानी जाते तिकडंच गेला." योगायोग.

मी यावर विचार केला. ईशान्य ही शुभ दिशा. लग्नातही शुभच घडवायचे आहे. म्हणून योजना अशी: ड्रोन मांडवाच्या नैऋत्येला ठेवायचा. तो स्वभावानुसार ईशान्येला निघेल. वाटेत मांडव येईल. नवरा-नवरी येतील. सगळे शूट होईल. पलीकडे करणला चादर धरून उभा करायचा. करण माझा मेहुणा, उंच आहे.

१९ एप्रिल

योजना दादाला सांगितली. तो म्हणाला, "आनि गुडघ्याच्या वर नाही गेला तं?" मी म्हणालो, नवरा-नवरीला पाटावर न बसवता चटईवर बसवू. त्याने व्हिडिओवाल्याला परत फोन लावला. पण त्या माणसाने आता २६ ला उतनूरचे लग्न घेतलेले. दादा माझ्याकडे बघत म्हणाला, "माय रोज इचारून राह्यली. शीतलचं लगन दिसन ना मले, दिसन ना मले. तिले काय सांगू?" सांगा, दिसन, असे मी म्हणालो. भावाचा विश्वास नसला की माणूस अधिक एकाग्र होतो.

संकल्प: उद्यापासून दोन तास.

२० एप्रिल

दोन तास जमले नाही. अंगणात गर्दी. सुपरिंटेंडंट सार स्वतः नवी बाईक घेऊन आले, हँडलला लिंबू. त्यांच्या बाईकभोवती फिरवावा लागला. बाईक लोखंडी, त्यामुळे ड्रोन रडला. सार फिके पडले. तीनदा फिरवूनही तेच. शेवटी मी दूर जाऊन चिंचेखाली फिरवला, तेव्हा 'टिरिंग' वाजले आणि सारांनी हात जोडले. रजा मंजूर.

याला अंधश्रद्धेला खतपाणी म्हणता येणार नाही. मी प्रत्येकाला खुलासा करतो.

२३ एप्रिल

गुडघ्याच्या वर जाईना. बॅटरी, हवा, ऊन, सगळे तपासले. पंख्यांची पाती उलटी बसली असावीत असे चंदाचा भाऊ करण म्हणाला. मी पाहिले. दोन उलटी होती. दोनच. चाराची बहुमताने बेरीज केली तर बरोबरी होते. तरी बदलली. आता उडवून पाहणार तोच जयवंताबाई माहेरची माणसे घेऊन आल्या.

संकल्प: उद्या नक्की उडवणे.

२५ एप्रिल, हळद

काल उडवला नाही. थेट कार्यक्रमातच उडवलेला बरा. सरावात सगळे खर्च करायचे नसते.

हळदीनंतर बायकांनी शीतलवरून ड्रोन फिरवायला लावला. ती हसत होती. मग हळूच म्हणाली, "काका, मोबाईलवाला तरी कोनी एक ठेवा ना. आजीसाठी." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगी भावनिक झाली आहे.

२६ एप्रिल, लग्न. दुपारी चार

शांतपणे नोंद करतो.

अकरा चाळीसचा मुहूर्त. सव्वाअकराला मी माइकवरून सांगितले की सर्वांनी मोबाईल खिशात ठेवावेत, हात वर केलेली माणसे आकाशातून चांगली दिसत नाहीत. लोकांनी ऐकले. आपल्याकडे शिस्त आहे, सांगणारा हवा.

मग कॅमेरा सुरू केला, नंतर विसरायला नको म्हणून. मैदान नवे असल्याने कंपास पुन्हा करायला घेतला. ऊन फार, म्हणून साउंडबॉक्सच्या सावलीत उभा राहिलो. ड्रोन रडला. पुन्हा केला, पुन्हा रडला. कंपास पास नसेल तर मोटरी फिरतच नाहीत. करण चादर धरून पलीकडे उभाच होता. तो तिथून ओरडला, "भाऊजी, बॉक्सात चुंबक असते." लग्नात चुंबक कोण आणते?

तेवढ्यात रडण्याचा आवाज ऐकून नवऱ्याकडच्या दोन बायका आल्या. जयवंताबाईंनी त्यांना सगळे सांगून ठेवलेले. नवऱ्या मुलाची आई घाबरीघुबरी. "आमच्या पोराले लागली का वो?" तिला नाही म्हणेपर्यंत नवऱ्याची मावशी, मावशीची जाऊ आणि नवी गाडी, असे सगळे आले. मी फिरवत राहिलो. पाहुण्यांचा मान राखावा लागतो. अक्षता डोक्यावर पडल्या तेव्हा कळले की मंगलाष्टके संपली.

'टिरिंग' वाजले ते पंगत बसल्यावर. पंगतीवरून ड्रोन उडवणे बरे दिसत नाही, म्हणून उडवला नाही. हा निर्णय माझा.

समाधानाची गोष्ट अशी की कॅमेरा पूर्ण वेळ सुरू होता. काहीतरी आलेच असेल. कॅमेरा मांडवातच होता.

२६ एप्रिल, संध्याकाळी

पाठवणी झाली. शीतल निघायच्या आधी आईकडे येणार होती, पण नवऱ्याकडच्यांना अंधाराच्या आत नार्नूर गाठायचे होते. गाडी मैदानावरूनच गेली. परवा परतणीला माहेरी येईल. आईने विचारले, "गेली का?" मी म्हणालो, काळजी नको, सगळे शूट केले आहे.

२७ एप्रिल

आईच्या पलंगासमोर लॅपटॉप ठेवला. दादा, वहिनी, चंदा, करण, जयवंताबाई, सगळे जमले. चंदाने आईच्या पाठीला उशी दिली, चष्मा पुसून दिला.

फिरवताना मी ड्रोनचे नाक माझ्याकडे ठेवत होतो, हे लक्षात राहिले नव्हते. त्यामुळे मी आलो. जवळून. मग मांडवाचे कापड, मग माझे बूट, मग माझ्या नाकपुड्या, मग पुन्हा मी, उलटा. मागे मंगलाष्टके स्वच्छ ऐकू येत होती. एकदा कोपऱ्यात हिरव्या शालूचा काठ गेला. आई म्हणाली, "थांबव, थांबव." थांबवेपर्यंत माझा कान आला.

चाळीस मिनिटे कोणी उठले नाही. आईने शेवटपर्यंत पाहिले. मग चष्मा काढून म्हणाली, "याले तं मी रोजच पाह्यते."

दादा बाहेर गेला. करण तोंडाला चादर लावून बसला होता. मी सगळ्यांना सांगितले की फोकस एकदाही हललेला नाही.

२८ एप्रिल, परतणी

शीतल आली. आईने सांगून पाठवले होते म्हणून तोच हिरवा शालू नेसून आली, मुंडावळ्याही बांधल्या. पलंगावर बसली. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. वहिनी रडायला लागली. चंदाने अक्षता आणल्या, त्या आईने तिच्या डोक्यावर टाकल्या, हळूहळू, मूठभर संपेपर्यंत.

हा क्षण सुटू नये म्हणून मी दारात मोबाईल काढून उभा राहिलो.

आई म्हणाली, "रव्या, बाजूले हो. उजेड अडून राह्यला."

बाजूला झालो.