तीस इंचांचं युकुलेले

प्रिय आई,

तू गेल्याला चार महिने झाले, आणि मी तुला एक ओळही लिहिली नाही. लिहावं असं आत काही उमटतच नव्हतं. पण काल सलीमभाईंच्या दुकानातून आल्यापासून हात कागदाकडे जातो आहे.

झालं असं, की तुझं ते गिटारसारखं युकुलेले घरात नुसतं पडून होतं. यवतमाळहून दर रविवारी घाटंजीला आले की पहिल्यांदा तेच दिसायचं. म्हटलं, कोणाला तरी देऊन टाकू. आधी तारा नीट करून घ्याव्यात म्हणून बाजाराच्या मागे सलीमभाईंकडे नेलं. तेच ते, पेट्या आणि ढोलक्या दुरुस्त करणारे. त्यांनी पिशवीतून काढलं आणि लगेच म्हणाले, "हे तं बाईंचं आहे. लई मोठं पडे न त्यायले!"

"मोठं म्हणजे?" मी विचारलं.

आई, मला खरंच माहीत नव्हतं गं! मला वाटायचं, युकुलेले म्हणजे युकुलेले. सलीमभाईंनी हातांनी मापं दाखवली. सगळ्यात लहान सोप्रानो, एकवीस इंचांचं. त्याहून थोडं मोठं कॉन्सर्ट, तेवीसचं. मग टेनर, सव्वीसचं. आणि आपलं हे बॅरिटोन, चांगलं तीस इंचांचं. लहान तिन्हींच्या तारा बहुतेक एकाच सुरांत लावतात, ह्याच्या मात्र खालच्या सुरांत.

"मोबाइलवर शिकवतात ते लहान्याचं," ते म्हणाले. "बाई बोटं बरोबर ठेवत, अन् सूर निघे दुसराच."

पस्तीस वर्षं तू शाळेत दुसऱ्यांच्या पोरांकडून कविता चालीत म्हणवून घेतल्यास. स्वतः कधी वाद्याला हात लावला नाहीस. निवृत्त झाल्यावर म्हणालीस, "वर्षा, मले ते चार तारांचं लहानसं वाजवायचं आहे." लहानसं म्हणाली होतीस! आणि मी दुकानातलं सगळ्यात मोठं उचललं. आईसाठी न्यायचं तर चांगलं न्यावं, आणि मोठं ते चांगलं, एवढीच माझी अक्कल. तुझी बोटं संधिवातानं वाकलेली होती. मला दिसत नव्हती का?

तू ते मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, "छान आहे गं."

मग दर रविवारी मी तुला बोलायचे. "एवढं आणून दिलं, रियाज काहून नाही करत?" तू हसायचीस. बोटं पदराखाली घ्यायचीस.

एका रविवारी आले तर तू त्याच्या मानेवर एक पेन्सिल आडवी ठेवून रबरांनी घट्ट आवळली होतीस. आठवतं? मी चिडले. "हे काय लहान पोरासारखं? तारा तुटतील ना!" म्हणत मीच रबरं काढली. चहा ठेवायला उठलीस.

काल सलीमभाई म्हणाले, "पेन्सिल म्याच सांगतली होती." मानेवरच्या पाचव्या आडव्या पट्टीवर तारा अशा दाबून धरल्या की मोठ्याचा सूर लहान्यांना जुळतो. त्यापुढच्या पट्ट्याही जवळजवळ असतात, बोटं फार ताणावी लागत नाहीत.

"म्या तं म्हटलं, बाई, बदलून आणा. नको म्हणे, पोरीनं हौसेनं आणलं, तिले वाईट वाटंन. मंग एका शनिवारी खुशीत आल्या. पुरं गाणं बसलं म्हणे. उद्या वर्षा येते, तिले ऐकवीन म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी आले. आणि मी पेन्सिल काढली.

दुकानात मला रडू येईल असं वाटलं. नाही आलं. मी युकुलेले पिशवीत घातलं, चेन लावली, घरी येऊन वरणाला फोडणी दिली. बाबांना विचारलं, आई कोणतं गाणं वाजवायची? ते म्हणाले, "मले कुठं ऐकू येते बेटा? पण बोटं हलवत बसे अन् हसे."

कोणतं गाणं होतं, आई? हे आता मला कोण सांगणार?

आणि तू तरी का सांगितलं नाहीस? शाळेत एका वेलांटीसाठी वहीवर लाल रेघ मारायचीस. माझीच चूक तेवढी कशी पोटात घातलीस? एकदा म्हणायचं होतंस, "वर्षा, हे मोठं होते मले." मी फुगले असते तासभर. मग बदलून आणलं असतं.

युकुलेले कोणाला दिलं नाही. परत आणलं. का, ते मलाही कळत नाही. आतून सगळं सुन्न आहे. वाईट वाटतं की नाही, तेही धड समजत नाही.

बाबांना आता चालताना काठी लागते. यवतमाळहून मी एक अंदाजानं आणणार होते. नाही आणली. पुढच्या रविवारी त्यांनाच दुकानात घेऊन जाईन. चार काठ्या हातात देईन, प्रत्येकीवर दहा पावलं चालायला लावीन. "चालते बेटा" म्हणाले, तरी उठायची घाई करणार नाही. खांदा वर ओढला जातो का, तळहाताला टोचते का, सगळं विचारीन, आणि ते बोलेपर्यंत थांबेन. एवढं मी करीन, आई. शब्द देते.

तुझी,
वर्षा