हकीमसाहेबांच्या डब्यांतली वांगी

नामपल्ली, हैदराबाद
कार्तिक वद्य पंचमी, शके १८७०

तीर्थरूप अक्कास धाकट्या प्रतापचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना उतार पडला का? सत्यवती आणि मुलं तुझ्याकडे बार्शीला सुखरूप आहेत, तेवढ्यावर दिवस काढतो. इकडे आता शांत आहे. कचेरी सुरू झाली. साहेब नवे, खुर्च्या त्याच.

भादव्यात हिंदी लष्कर शहरात आलं त्या सुमारास अफझलगंजच्या बाजारात भाजीची काडी मिळत नव्हती. फडताळात सत्यवतीच्या गाठोड्यात वांग्याचं बी सापडलं. कुंड्या कुठून आणणार? रॉकेलचा रिकामा डबा कापला, माती भरली, बी पेरलं आणि दोन्ही वेळ पाणी घातलं. (बुडाला भोकं पाडायची असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) रोपं आली आणि कुजली. शेजारचे म्हातारे हकीमसाहेब भिंतीवरून बघत होते. म्हणाले, "प्रतापराव, रोपां को पानी पिला रैं कि डुबा रैं?"

त्यांचा दवाखाना बंद पडला होता. भीतीने कोणी येईना (आणि भीतीने तेही कोणाकडे जाईनात). औषधांचे अठरा रिकामे डबे त्यांनी मला दिले, खिळ्याने भोकंही स्वतःच पाडली. उरलेलं बी पेरलं, आणि रोपं अशी तरारली म्हणून सांगू! फक्त प्रत्येक डब्यावर हकीमसाहेबांचं नाव आणि खाली उर्दूत 'जुलाब' असं लिहिलेलं, त्यामुळे गल्लीतल्या मालनबाईंनी रोपं फुकटसुद्धा घेतली नाहीत.

मग कोणीतरी खबर दिली, की माझ्या गच्चीवर डब्यांत बॉम्ब आहेत. हवालदार आणि चार शिपाई आले. अठराही रोपं उपटून त्यांनी मुळं तपासली. मातीशिवाय काही निघालं नाही, पण डब्यांवर नाव हकीमसाहेबांचं, म्हणून चौकशीला त्यांनाच जीपमध्ये बसवलं. अक्का, साहेबासमोर 'जी' पलीकडे ज्याने कधी शब्द काढला नाही, तो तुझा भाऊ पुढे झाला आणि ठणकावून म्हणाला, "डबे माझे, रोपं माझी. न्यायचं तर मला न्या!" हवालदार शेतकऱ्याघरचा निघाला. त्याने हकीमसाहेबांना उतरवलं, गच्चीवर येऊन रोपं स्वतःच्या हाताने परत लावली आणि मातीत शेणखत नाही म्हणून मला रागावला. चौदा जगली.

मुलांना आशीर्वाद.

तुझा
प्रताप

ता. क. पत्र सत्यवतीला मोठ्याने वाचून दाखव. आता भीती नाही, मुलांना घेऊन ये म्हणावं.

आणखी एक ता. क. अक्का, वर एक खोटं लिहिलं. मी ठणकावलं वगैरे नाही. हकीमसाहेबांना जीपमध्ये बसवलं तेव्हा मी दाराशी नुसता उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला लाज वाटू नये म्हणून असेल. जीप कोपऱ्यावर वळली, मग मी अनवाणी मागे धावलो, ओरडत, थेट नामपल्लीच्या रेल्वे स्टेशनापर्यंत. तिथे जीप थांबली, 'डबे माझे' एवढंच मी धापा टाकत म्हणालो; हवालदाराचं पुढचं सगळं खरं आहे. आषाढात त्याच स्टेशनावर सत्यवती डब्याच्या खिडकीतून "तुम्हीही चला" म्हणत होती, आणि मी नोकरीचा विचार करत फलाटावरच उभा राहिलो. हा भाग तिला आधी वाचून दाखव. ती येत नाही म्हणाली, तर शनिवारच्या गाडीने मीच निघतो.