आत किती?

सोमवार
सामान लागलं. घर छान आहे. वहिनीने आल्या आल्या शिलाई मशीन खिडकीपाशी मांडलं. मागच्या अंगणात अर्धी जमिनीत गेलेली, पाठ फुगवून बसलेली विटांची खोली आहे. लढाईच्या काळातला आसरा. विमानं आली की गल्लीतली माणसं तिथे शिरत. दारावर रंगवलंय, ‘सहा माणसे’. वहिनी म्हणाली, वन्सं, घराबरोबर घराचं पिल्लूही पदरात पडलं की! दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. तिला जपेन, असं मी दादाला शेवटी सांगितलं होतं. इथे जमेल असं वाटतं.

बुधवार
कापडाचे तागे आणि दादाची ट्रंक पिल्लात ठेवली. शेजारचा गवंडी ओल बघायला आला. म्हणाला, भोंगा झाला की पहारेकरी झरोक्याला तोंड लावून विचारायचा, आत किती? बाहेर राहिलेल्याला आतल्यांनी आपल्यात मोजलं, तरच दार उघडायचा. एकदा एक बाई सातवी आली. आतले म्हणाले, सहा. तिने फटीत बोटं घातली, तर विटेने ठेचली, मग डोकंही. बॉम्ब पडला भलतीकडेच; मेली ती एकटी. चौकटीवरचे खळगे त्याने दाखवले. वहिनीने विचारलं, अहो, ओल बघायला आलात की आम्हाला घाबरवायला?

शुक्रवार
दुपारी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा आम्ही दोघी आत तागे रचत होतो. दार वाऱ्याने मिटलं. झरोक्यातून आवाज आला, आत किती? गवंड्याची चेष्टा समजून मी म्हणाले, तिघं. इतकी वर्षं दादाला धरून तसंच मोजत आले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले.
दार उघडलं. बाकावर आमच्या मधे कुणीतरी येऊन बसलं. मला आधी आनंदच झाला.

शनिवार
दादा नव्हता तो. दादाने कधी कुणावर हात उगारला नाही. वहिनीची बरगडी मोडली आहे, माझा कान फाटलाय. कशा बाहेर आलो, आठवत नाही. आज भोंग्याला आत कुणी नव्हतं, तरी तोच प्रश्न ऐकू आला. उत्तरही, आतून. गवंडी म्हणतो, तुम्ही मोजून आत घेतलेला तो आता आपली माणसं मोजतोय. गवंडी आता अंगणात पाऊल टाकायला तयार नाही.

रविवार
झरोक्यातून पाहिलं. बाकावर पाच. मांडीवर विटा. एक जागा मोकळी. वहिनी म्हणते, मशीन गेलं खड्ड्यात, जीव घेऊन निघू. उद्या टेम्पो.

सोमवार
टेम्पो दारात. दादाची ट्रंक — तेवढीच आणते म्हटलं. वहिनी नको नको म्हणत होती. भोंग्याला अजून वेळ —
दार लागलं. सहावी मी.
वहिनी बाहेरून ओढतेय. बोटं फटीत — वहिनी, काढ, काढ बोटं —
उजव्या हातात वीट दिलीय. तो हात आता माझा नाही. डाव्याने लिहितेय. एकदा मारली. नखं — ती सोडत नाही —
पुन्हा.
भोंगा. झरोक्यातून, आत किती?
पाचही माझ्याकडे बघतायत. वहिनी ओरडतेय, वन्सं, मला मोजा, सात म्हणा, सात —
वीट वर गेली. तोंड उघडतंय माझं. स —