आतलं पाकीट

प्रिय बाळा,

रोवेना आत्याचा फोन आला होता. तू क्लॅरिनेट पुन्हा हातात घेतलंस म्हणाली. ऐकून बरं वाटलं असं लिहायला हवं, पण खरं सांगतो, गेले नऊ दिवस मला बरंही वाटत नाही आणि वाईटही. टपाल वाटतो, घरी येतो, फ्रीजरमधलं सूप गरम करून उभ्यानेच पितो. परवा शेजारच्या मर्लचा कुत्रा पोटरीला चावला, तर मी पँट वर करून नुसता बघत राहिलो.

शाळा मंडळाच्या निवडणुकीचं तुला कळलंच असेल. उन्हाळ्यात शाळा मंडळाने ठराव केला, की ट्रान्स मुलांना जन्मदाखल्यावरच्याच नावाने हाक मारायची, आणि तू बॅग भरून आत्याकडे गेलीस. डेल्फीन निवडून आली असती तर ठराव एका मताने फिरला असता आणि तू जानेवारीत परत येऊन शेवटचं वर्ष आपल्या वर्गात, आपल्या बँडमध्ये पुरं केलं असतंस. सव्वीस वर्षं तुमची पिवळी बस चालवणारी बाई ती, गुडघे गेलेले, तरी दारोदार फिरली. आपल्या पायरीवर बसून म्हणाली, "मी कुणाच्या पोराला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही हो कधी. तुम्ही तेवढं मत द्या." मी म्हटलं, "हे काय सांगायला हवं?"

डेल्फीनला आणि तिच्या विरुद्ध उभ्या असलेल्या ठरावाच्या बाजूच्या माणसाला सारखीच मतं पडली, प्रत्येकी एक हजार दोनशे बारा. मग कायद्याप्रमाणे जिल्हा कचेरीत सोडत झाली. चामड्याच्या बाटलीतून दोघांनी एकेक आकड्याची गोटी काढायची, लहान आकडा जिंकणार. त्याची तीन निघाली, तिची अकरा. डेल्फीन हसून म्हणाली, "बसचा नंबरही अकराच होता की माझ्या!" आणि तिने सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्यानंतर काहीच वाटेनासं झालं.

या वेळी मी टपालाने मत दिलं होतं. मतदान अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये असतं; दाराशी मर्ल आणि मंडळी ठरावाच्या बाजूच्या उमेदवाराच्या चिठ्ठ्या वाटत उभी असतात, आत त्यांच्या बायका सूप आणि अ‍ॅपल पाय विकतात. सगळी माझ्या फेरीतली माणसं. त्यांच्या नजरा नकोत, म्हणून स्वयंपाकघरात बसून खुणा केल्या. मतपत्रिका आधी कोऱ्या पाकिटात घालायची, मग ते पाकीट सहीच्या पाकिटात. एकतीस वर्षं गावाची पाकिटं वाटणारा मी, आतलं पाकीट टेबलावरच विसरलो. मतदानाच्या आदल्या दिवशी जिल्हा कचेरीतल्या मुलीचा फोन आला, "साहेब, आतलं पाकीट नाही म्हणून मत बाद धरलंय तुमचं. उद्या फायर हॉलवर या, तिथे पुन्हा देता येईल."

मी गेलो होतो बाळा. गाडी लावून उतरलोसुद्धा. मर्ल दारातूनच ओरडला, "काय टपालवाले, आज कशी वाट चुकली? आणि तुमचा पोरगा काय म्हणतो? का आता फ्रॉकच घालतो?" चारजण हसले. मी म्हटलं, "मजेत आहे." मग आत जाऊन दोन डबे सूप घेतलं आणि घरी आलो. मतपेटी सूपाच्या टेबलापासून दहा पावलांवर होती. माझं ते एक मत पडलं असतं, तर गोट्या काढायची वेळच आली नसती.

सोमवारी नव्या मंडळाची सभा आहे. गावातल्या कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं, मी नाव नोंदवलंय. हे सगळं तिथे सांगणार आहे, मर्ल समोर बसलेला असेल तरी. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आधी लिहिलं. माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. फक्त एक विचारायचं आहे. दीड वर्षापूर्वी तू मला तुझं नाव सांगितलंस, तेव्हापासून मी तुला बाळा म्हणतोय. तू लाड समजलीस. मी नाव टाळत होतो, या पत्राच्या सुरुवातीलाही टाळलं. सोमवारी ते नाव सगळ्यांसमोर घेऊ का? नको म्हणालीस तर नुसतं 'माझी मुलगी' म्हणेन. पाकिटावर मात्र आजच लिहितोय, मोठ्या अक्षरांत, इथल्या टपाल कचेरीत सगळ्यांना वाचता येईल असं: मॅरेन.

तुझाच,
बाबा